सेल्युलर जेल व्हीलचेअर घेऊन बघायचंय? मग नेहमीचा क्रम उलटा करा

मागच्या दोन-तीन वर्षांत आमच्या ओळखीतली चार तरी घरं सांगली-मिरजेतून अंदमानला जाऊन आली. प्रत्येकाबरोबर गुडघे गेलेली आई नाहीतर लकवा मारलेले वडील, आणि परत आल्यावर सगळ्यांचं रडगाणं एकच, "जेलमधे गेलो खरं, पण आईला गेटजवळ बाकावर बसवलं आणि आम्ही पटकन वर जाऊन आलो." म्हणजे जिच्या हट्टापायी एवढा खर्च केला तीच बाकावर. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना तिथलं वेड जरा जास्तच असतं, त्याच जेलमधे कैद भोगलेले, स्वातंत्र्यवीर सावरकरांचे थोरले भाऊ बाबाराव सावरकर १९४५ साली सांगलीतच वारले, त्यामुळं ही नावं त्यांनी लहानपणापासून घरात ऐकलेली असतात. आम्ही जानेवारीत अण्णांना घेऊन गेलो. वय ७४, डावी बाजू गेलेली, धरून उभं केलं तर चार-पाच पावलं टाकतात. आम्ही काय चुकलो आणि काय बरोबर केलं ते क्रमाने लिहितोय, इतिहास यात शोधू नका, तो तिथं भिंतींवर लिहिलेलाच आहे.

१. आधी घरीच माणूस मोजा, मग खुर्ची मोजा

लोक तिकीट काढतात आणि मग विचार करतात, तिथंच गाडी रुळावरून उतरते. तिकिटाच्या आधी चार गोष्टी वहीत लिहा. धरून किती पायऱ्या चढता येतात, खुर्चीतून दुसऱ्या खुर्चीत सरकता येतं का उचलावं लागतं, सलग किती वेळ बसवतं, आणि लघवीला किती वेळाने जावं लागतं. शेवटच्याची सगळ्यांना लाज वाटते आणि सगळी ट्रीप अडते तिथंच.

आता खुर्ची. चाकाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या चाकाच्या बाहेरच्या कडेपर्यंत टेप लावा, सीटची रुंदी नाही, बाहेरची रुंदी. हा आकडा फोनमधे सेव्ह करून ठेवा, हॉटेलवाल्याला, टॅक्सीवाल्याला, सगळ्यांना हाच सांगायचाय.

एक गंमत करून बघा, उपयोगाची आहे. जेलची एक कोठडी साधारण साडेचार मीटर लांब आणि पावणेतीन मीटर रुंद. तेवढा चौकोन गच्चीवर नाहीतर अंगणात खडूने आखा आणि खुर्ची आत फिरवून बघा. व्हीलचेअर जागच्या जागी वळवायला साधारण दीड मीटर जागा लागते, म्हणजे कोठडीत ती वळते. अडचण कोठडीची नसते, दाराची आणि उंबऱ्याची असते, ते पुढं सांगतो. अण्णा त्या खडूच्या चौकोनात बसून बराच वेळ गप्प होते, नंतर म्हणाले "पंखा पण नव्हता काय रे".

तपासा: दोन्ही ब्रेक घट्ट लागतात का, पुढची छोटी चाकं डुगडुगत नाहीत ना, पायपट्टी निघते का. हवेचे टायर असतील तर पंप आणि पाना बॅगेत.

२. पायरी चढवायची-उतरवायची प्रॅक्टिस इथंच करा

तिथं जाऊन शिकायला गेलात तर माणूस पडतो. आम्ही आमराईत चार दिवस सकाळी गेलो, ओबडधोबड वाटेवर खुर्ची कशी धक्के खाते ते कळलं आणि मग बिल्डिंगच्या जिन्याच्या पहिल्या तीन पायऱ्यांवर रिकामी खुर्ची, मग त्यात भाचा बसवून, मग अण्णा. कृष्णेच्या घाटावर जाऊन प्रॅक्टिस करायचं डोक्यात आलं असेल तर काढून टाका, शेवाळ असतं.

चढताना खुर्चीची पाठ जिन्याकडे. ताकदीचा माणूस वर, मागचे हँडल धरून, दुसरा खाली पुढच्या बाजूला फ्रेमचा पाइप धरून. खुर्ची मागं कलती करून एकेक पायरी ओढायची, मोठी चाकं पायरीला टेकवतच. उतरताना तीच स्थिती, फक्त उलट दिशेने. साधा उतार असेल, रॅम्प असेल, तर खाली जाताना खुर्ची उलटी घ्यायची, म्हणजे ढकलणारा आधी आणि बसलेल्याची पाठ उताराकडे. तोंड उताराकडे करून सोडलं की माणूस पुढं घसरतो.

सावधान: हातरेस्ट किंवा पायपट्टी धरून खुर्ची कधीच उचलायची नाही. मदतीला धावणारे चांगले लोक नेमकं तेच करतात, चारही बाजूंनी येतात, एकजण हातरेस्ट धरतो आणि तो हातात निघून येतो. मोठ्याने सांगायचं, "दादा, हात नका लावू, फक्त पुढचा पाइप धरा."

३. कागदपत्रं

यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारचं दिव्यांग ओळखपत्र, नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा आणि तपासणी होऊन हातात यायला वेळ लागतो हे धरून चाला. कार्डची झेरॉक्स आणि फोनमधे फोटो, दोन्ही. डॉक्टरांकडून एका पानाचं पत्र घ्या, त्यात आजार, चालू गोळ्या आणि विमानप्रवासाला हरकत नाही एवढं लिहिलेलं पाहिजे. मिरजेत डॉक्टरांची काय कमी नाही, पण पत्र जायच्या आठवड्यातल्या तारखेचं घ्या, सहा महिन्यांपूर्वीचं दाखवलं की काउंटरवर प्रश्न सुरू होतात.

चेन्नई-बंगळूरपर्यंत रेल्वेने जाणार असाल तर एक लक्षात ठेवा, सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग माणसाला स्लीपर आणि थर्ड एसीत ७५ टक्के, सेकंड आणि फर्स्ट एसीत ५० टक्के सवलत असते आणि ती सोबत्यालाही मिळते. पण यूडीआयडी दाखवून भागत नाही, रेल्वेचं स्वतःचं दिव्यांग कार्ड वेगळं काढावं लागतं. इथं पन्नास टक्के लोक फसतात असं मला वाटतं, निदान आमच्या गल्लीतले तरी सगळे फसलेत.

जहाजाचा विचार करू नका. चेन्नईहून अडीच-तीन दिवस लागतात आणि हलत्या जहाजात बाथरूमला नेणं म्हणजे काय ते कल्पना करा.

४. विमान: चार अक्षरी भानगड नीट समजून घ्या

आमची सगळ्यात मोठी चूक इथली. बुकिंग करताना व्हीलचेअर पाहिजे म्हणून टिक केलं आणि निवांत बसलो. पण व्हीलचेअरचे तीन प्रकार असतात आणि प्रत्येकाला कोड आहे.

डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालवत नाही पण जिना चढता येतो. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिना चढता येत नाही, पण विमानात सीटपर्यंत चार पावलं जाता येतं. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत न्यावंच लागतं.

आम्ही पहिल्यावर टिक केलेलं. मधल्या एका एअरपोर्टवर विमान लांब उभं होतं, खाली शिडी, आणि स्टाफ म्हणतोय सर तुमच्या रेकॉर्डला तर जिना चढता येतो असं लिहिलंय. चूक आमचीच होती, भांडायला तोंड नव्हतं. मी आणि भाच्याने अण्णांना हाताच्या खुर्चीवर उचलून नेलं, खालून लोक बघतायत, अण्णांनी डोळे मिटून घेतले होते. कोड बरोबर टाकला असता तर उचलून दारापर्यंत नेणारी लिफ्टची गाडी नाहीतर रॅम्प मागवता आला असता.

म्हणून क्रम असा. तिकीट काढलं की लगेच योग्य कोड टाका, सुटायच्या निदान ४८ तास आधी एअरलाइनला फोन करून तोच कोड त्यांच्या तोंडून वदवून घ्या, आणि कनेक्टिंग फ्लाइट असेल तर दोन्ही फ्लाइटवर कोड पडलाय का ते विचारा, बऱ्याचदा एकावरच पडतो. मधे किमान तीन तास ठेवा, कारण व्हीलचेअरवाला माणूस सगळ्यात आधी चढतो आणि सगळ्यात शेवटी उतरतो.

स्वतःची खुर्ची चेक-इनला देऊ नका, विमानाच्या दारापर्यंत वापरून तिथं टॅग लावून द्या. देण्याआधी चारही बाजूंनी फोटो. उशी आणि निघणारी पायपट्टी काढून केबिनमधे जवळ घ्या, नाहीतर खुर्ची येते आणि पायपट्टी गायब.

बॅटरीची खुर्ची असेल तर बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-अवर लिहिलेले असतात, दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॉट-अवर. २४ व्होल्ट आणि १२ अँपिअर-अवर म्हणजे २८८. काढता येणारी लिथियम बॅटरी ३०० पर्यंत चालते, ती काढून केबिनमधे न्यायची, पण एअरलाइनची परवानगी आधी पाहिजे. लेबल खरवडलं गेलं असेल तर कंपनीकडून कागद आणा.

एक बारकी गोष्ट. जेल ज्या गावात आहे त्या पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४ मधे श्री विजयपुरम झालंय, त्यामुळं काही साइटवर एक नाव दिसतं काहींवर दुसरं, गाव एकच. शंका आली तर एअरपोर्टचा कोड आयएक्सझेड बघा.

५. हॉटेल: फोटो मागा, शब्दांवर जाऊ नका

"हो सर, व्हीलचेअर फ्रेंडली आहे" याचा अर्थ फक्त एवढाच की यापूर्वी कुणीतरी व्हीलचेअरवरून आला होता आणि चार पोरांनी उचलून नेला. बाथरूमच्या दारावर टेप लावून फोटो पाठवायला सांगा. आपल्याकडच्या लॉजसारखंच तिथंही बेडरूमचं दार मोठं आणि बाथरूमचं चिंचोळं असतं. दुसरा फोटो गेटपासून रिसेप्शनपर्यंतचा. शहर चढउताराचं आहे, रस्त्याला लागून असलेल्या हॉटेललासुद्धा आठ पायऱ्या असू शकतात.

अबर्डीन बाजारच्या आसपास राहिलात तर जेल जवळ पडतं, पण जवळ म्हणून खुर्ची ढकलत जायचा उद्योग करू नका, जेल उंचवट्यावर आहे. रिक्षा-टॅक्सी थेट गेटपर्यंत घ्या आणि निघायचा टाइम ठरवून त्यालाच परत बोलवा.

६. दिवस आणि वेळ

पोचल्या दिवशी जेल नको. लोकांना एवढी घाई असते की दुपारी उतरले की संध्याकाळी जेलमधला लाइट अँड साउंड शो, आणि माणूस खुर्चीतच झोपतो.

घड्याळ आपलंच पण सूर्य वेगळा, बेटं लांब पूर्वेला आहेत. पहाटे पाचच्या आसपास उजाडायला लागतं आणि हिवाळ्यात संध्याकाळी पाच-सव्वापाचला अंधार पडायला सुरुवात. सांगलीच्या हिशेबाने चार वाजता चहा पिऊन निघालात तर संपलं. सकाळी गेट उघडायच्या वेळी हजर राहा. हवा दमट, आपल्याकडच्या कोरड्या उन्हाची सवय असलेल्या माणसाला दहा वाजताच धाप लागते. मे ते नोव्हेंबर पाऊस धो धो, फरशी आणि विटांची वाट निसरडी, त्यामुळं डिसेंबर ते मार्च बरा.

सुट्टीचा वार, दुपारी बंद असायची वेळ आणि तिकिटाचे दर बदलत राहतात, तेव्हा नातेवाइकाच्या दोन वर्षांपूर्वीच्या फोटोवर विसंबू नका, आदल्या दिवशी हॉटेलवाल्याला फोन लावायला सांगा. त्याच फोनवर विचारून घ्या, व्हीलचेअर आत नेता येते ना आणि मदतीला कुणी मिळेल का.

तपासा: निघायच्या आधी हॉटेलवरच बाथरूम करून घ्या. युरिन पॉट, एक ओढणी किंवा चादर आडोशाला, जास्तीची पँट, टोपी, पाणी. थोडी रोख पण ठेवा, यूपीआय तिथं मूडवर चालतं.

७. आत गेल्यावर: वरची कोठडी शेवटी, आणि सगळ्यांनी नाही

आता मुद्द्याचं. सगळे पर्यटक गेटमधून आत आले की सरळ जिन्याकडे पळतात, कारण सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या, म्हणजे तळमजला धरून तिसऱ्या मजल्यावर विंगच्या टोकाला आहे. वर जायला जिनाच आहे, लिफ्ट असेल या आशेवर जाऊ नका. आणि घरातला कर्ता मुलगा तिथं पेटतो, "बाबांना मी पाठीवर घेऊन जातो." अरे, शंभरभर माणसं त्याच जिन्यातून खाली-वर करतायत, जिना जुना, तुझा पाय सरकला तर दोघं. आम्ही ज्या दिवशी होतो तेव्हा एका कुटुंबाने आजीला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून न्यायला सुरुवात केली आणि अर्ध्यात अडकले, ना वर ना खाली, मागं पूर्ण लाइन.

त्याऐवजी असा क्रम घ्या.

पहिला अर्धा तास, खालच्या गॅलऱ्या. गेटच्या इमारतीत फोटो आणि वस्तू मांडलेल्या आहेत. उजेड-सावली आहे, माणूस ताजा असतो, नावं वाचायला वेळ देतो. मजकूर हिंदी-इंग्रजीत असतो. अण्णांना इथंच सगळ्यात जास्त वेळ लागला. वरच्या मजल्यावरची दालनं बाकीच्यांनी आळीपाळीने बघावीत.

मग अंगण. कोलू, म्हणजे तेलाचा घाणा, जिथं माणसाला बैलासारखं जुंपून दिवसाला ३० पौंड खोबरेल काढायला लावायचे, ते साडेतेरा किलोच्या वर होतं. फटके मारायची तिकाटी आणि फाशीघर, हे सगळं जमिनीवरच आहे, खुर्ची जवळ नेता येते. दाराशी पायरी आली तर दोन मिनिटं थांबून ठरवा, बाहेरून दिसत असेल तर बाहेरूनच बघा. घाण्याची दांडी बसल्या उंचीवर असते, त्यामुळं खुर्चीतल्या माणसाला ती उभ्या माणसापेक्षा जास्त कळते, हे मला तिथं गेल्यावरच समजलं.

मग तळमजल्याची कोठडी. ही गोष्ट लोकांना कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो, वरची कोठडी आणि खालची कोठडी एकाच मापाची. तोच झरोका तीन मीटर उंचीवर, तीच जाड भिंत, तेच लोखंडी गजांचं दार. दाराची कडी बघायला सांगा, ती दाराला नाही, बाजूच्या भिंतीत कोनाड्यात आत बसवली आहे, आतून हात बाहेर काढला तरी पोचू नये म्हणून. खुर्चीवरून ती बरोबर दिसते. आणि खुर्ची वळवून बाहेर तोंड केलं की समोर दुसऱ्या विंगची पाठ, जिथं ती विंग उरली आहे तिथं. सात विंगा होत्या, आता तीनच आहेत. एकाला दुसऱ्याचं तोंड दिसू नये अशीच बांधणी, ते वाचून कळत नाही, बसून कळतं.

उंबऱ्यावर खुर्ची अडली तर रेटू नका. आधी तुमच्या त्या सेव्ह केलेल्या आकड्याशी दार ताडून बघा. दार अरुंद असेल आणि माणूस चार पावलं टाकू शकत असेल तर खुर्ची बाहेर ब्रेक लावून ठेवा आणि दोघांनी धरून आत न्या, आत पाठ टेकायला भिंत आहेच. नसेल जमत तर दारात खुर्ची लावून पाच मिनिटं शांत बसू द्या, फोटो नंतर.

आणि मग वरची कोठडी. आता टीमचे दोन भाग करा. एकजण खाली माणसाजवळ, सावलीत. बाकीचे वर. व्हिडिओ कॉलचा नाद नको, भिंती जाड, नेटवर्क तुटतं, आम्ही "अण्णा दिसतंय का, अण्णा दिसतंय का" करत दहा मिनिटं घालवली. सरळ रेकॉर्ड करा, जिन्यापासून सुरुवात, व्हरांड्यातून चालत कोठडीपर्यंत, न बोलता, हळू. खाली येऊन फोन माणसाच्या हातात द्या आणि बोट दाखवून सांगा की ती वर टोकाची. अण्णांनी व्हिडिओ दोनदा बघितला आणि मग विचारलं की फाशीघर त्या खालीच आहे ना, मग ऐकू येत असणार.

सावधान: जो खाली थांबला त्यालाही वर जायचं असतं हे लोक विसरतात. आळीपाळी आधीच ठरवा, नाहीतर तिथं भांडण होतं. आमच्याकडे झालं.

८. दिसत नसेल किंवा ऐकू येत नसेल तर

दिसत नसलेल्या माणसाबरोबर गर्दीच्या ग्रुपबरोबरचा गाइड घेऊ नका, स्वतंत्र गाइड ठरवा आणि आधीच सांगा की मापं, अंतर, दिशा सांगत चला. गज, कडी, भिंत यांना हात लावून कोठडी कळते, पावलं मोजत लांबी-रुंदी चालू द्या. काचेतल्या आणि दोरी लावलेल्या वस्तूंना मात्र हात नको, विचारल्याशिवाय कशालाच नको.

ऐकू येत नसेल तर गॅलऱ्या पुरेशा आहेत. गाइड काय सांगणार ते आदल्या रात्री चार ओळीत मोबाइलमधे टाइप करून द्या.

लहान पोरं, किंवा आवाजाला-गर्दीला घाबरणारं कुणी असेल तर फटक्यांचे पुतळे आणि फाशीघर आधी न सांगता समोर आणू नका.

९. संध्याकाळचा शो

सकाळी जेल आणि त्याच दिवशी संध्याकाळी शो हे धडधाकट माणसाचं टाइमटेबल. मधे हॉटेलवर चार तास आडवं होता येत असेल तरच, नाहीतर दुसऱ्या दिवशी. शो उघड्यावर असतो, हिंदीचा आणि इंग्रजीचा वेगळा, तेव्हा बुक करताना भाषा बघा. बहुतेक गोष्ट आवाजातून सांगितली जाते, त्यामुळं दिसत नसलेल्या माणसाला शो छान कळतो आणि ऐकू न येणाऱ्याला फक्त दिवे दिसतात, त्याप्रमाणे ठरवा.

वीस-पंचवीस मिनिटं आधी पोचा आणि रांगेत घुसायच्या ऐवजी गेटवरच्या माणसाला नीट विचारा की खुर्ची कुठं लावू, तो आधी सोडतो. कडेची जागा घ्या, मधली नको. संपल्यावर सगळा लोंढा अंधारात एकदम बाहेर पडतो, तेव्हा तुम्ही हलायचं नाही, ब्रेक लावून बसून राहायचं, दहा मिनिटांत रस्ता मोकळा होतो. मच्छरांचं मलम आणि टॉर्च जवळ ठेवा.

१०. रॉस बेट जोडायचं का

आता त्याला नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप म्हणतात, समोरच दिसतं, बोटीने थोडाच वेळ. लोक जेलबरोबर ते एका दिवसात बसवतात. बेटावर फिरायला बॅटरीची गाडी मिळते, त्यामुळं तिथं गेल्यावर त्रास कमी. अडचण आहे ती बोटीत चढायची. बोट पाण्याबरोबर खाली-वर होते, धक्का आणि बोटीमधलं अंतर दर सेकंदाला बदलतं, खुर्चीसकट नेणं धोक्याचं. माणूस धरून तीन पावलं टाकत असेल आणि समुद्र शांत असेल तर सकाळच्या पहिल्या बोटीला जा, खुर्ची वेगळी घडी करून द्या. उचलूनच न्यावं लागत असेल तर नको. आम्ही धक्क्यापर्यंत गेलो, बोट कशी हलतेय ते अण्णांनीच बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही जाऊन या, मला नारळपाणी आणून द्या." सुनेने नारळ आणला, ती त्यांच्याजवळ थांबली, मी आणि भाचा जाऊन आलो.